साधं पाणी

आमच्या घरात डागाला कुणी भीत नाही. घराच्या पुढच्या भागात लॉन्ड्री, मागच्या भागात आम्ही, आणि मधलं दार वाफेनं फुगल्यामुळे कधीच धड लागत नाही. लोक गाठोडं काउंटरवर ठेवताना ओशाळतात. "जरा सांडलंय," म्हणतात, आणि दुसरीकडे बघतात. माझ्या सासूबाई मात्र त्यांच्यादेखत गाठोडं सोडतात, डाग बोटानं चोळतात, नाकाशी नेतात आणि सांगतात, "जाईल. परवा या." शाई, गंज, तेल, रक्त, त्यांना सगळं सारखंच. दवाखान्याच्या चादरी भिजवायला एक उग्र औषध आहे. ते पाण्यात पडलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. त्याचं माप म्हणजे बाटलीचं टोपण. नव्या पोरीला शिकवताना आई एवढंच सांगतात, "डागाचं तोंड बघून टोपण. हलका डाग, एक. हट्टी डाग, तो म्हणेल तितकी."

मी त्यांना आई म्हणते. सासूला म्हणतात म्हणून नव्हे. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. लग्न होऊन या घरात आले त्या आठवड्यात मला ताप भरला, तर या बाईंनी पुढचं दुकान मुलावर सोडून दिवसभर माझ्या कपाळावर घड्या ठेवल्या. घड्याही अशा, की चारी कोपरे जुळलेले. तापातसुद्धा मला हसू आलं होतं. त्या दिवसापासून "आई" हा शब्द मला सहज येतो.

माझा मुलगा, ढब्ब्या, झाला तेव्हा बाळाची वाट मोठी करायला मला खाली काप द्यावा लागला. मी पहिलटकरीण, त्याचं डोकं मोठं, आणि कळा देऊन देऊन माझ्यात काही उरलं नव्हतं. टाके घातले, बाळ छातीवर दिलं, आणि बाकी सगळं मी विसरले. घरी सोडायच्या दिवशी जाड भिंगांचा चष्मा लावलेली सिस्टर खुर्ची ओढून माझ्या खाटेजवळ बसली. आई ढब्ब्याला घेऊन शेजारीच उभ्या होत्या.

"हे बघ," सिस्टर म्हणाली, "जाऊन आलीस की दर वेळी कोमट साध्या पाण्यानं धुवायचं. पुढून मागे. चोळायचं नाही, टिपून घ्यायचं. पॅड भिजायची वाट बघायची नाही. पाणी भरपूर प्यायचं, भाज्या, फळं खायची, म्हणजे कुंथावं लागणार नाही. कुंथलीस की टाक्यांवर ताण येतो. वाटलं तर टबात कोमट पाणी घेऊन बस, बरं वाटेल. पण पाण्यात काही घालायचं नाही. औषध नाही, मीठ नाही, कुणाच्या आत्याचा पाला नाही. आणि वास आला, पू दिसला, ताप आला, टाका सुटल्यासारखं वाटलं, तर लाजत घरी बसायचं नाही. सरळ इकडे यायचं."

आईंनी मान डोलावली. गाडीत बसल्यावर मात्र त्या हसल्या.

"साध्या पाण्यानं कधी डाग गेलाय?" त्या म्हणाल्या. "चांगली आहे बिचारी. पण तिच्या चादरी कोण धुतं ते तिला माहीत नाही."

माझ्यासाठी त्यांनी नवा टब आणला. लॉन्ड्रीतला एकही कपडा त्याला लागू दिला नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी तापवायच्या, कोपर बुडवून बघायच्या, आणि चादरींच्या त्याच औषधाची दोन टोपणं घालायच्या. भिजलेलं काही दिसलं की तीन. पाणी पांढरं व्हायचं. मी दात आवळून त्यात बसायचे.

"आई, फार चुरचुरतंय."

"चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय. जंतू काय हसत हसत मरतील? जाताना चावणारच."

मी हसायचे आणि बसून राहायचे. माझ्यासाठी इतकं कुणी केलंच नव्हतं. त्या टबाशेजारी पाटावर बसून ढब्ब्याला मांडीवर घोळवत, कुठल्या गिऱ्हाइकाच्या खिशात काय सापडलं याच्या गमती सांगायच्या. एकाच्या खिशात बायकोनं दिलेली चिठ्ठी, 'कोथिंबीर आणायला विसरू नका,' तीनदा धुऊनही वाचता येणारी. "बघ, प्रेम जात नाही," म्हणायच्या. आग विसरायला मला तेवढं पुरायचं.

मग एका दुपारी उठताना आतून काहीतरी सैल झालं. दुखलं म्हणण्यापेक्षा, जे धरून ठेवलं होतं ते सुटलं. पॅडला वास होता. अंगात कसकस होती. नवऱ्यानं इस्त्री तशीच ठेवून गाडी काढली.

सिस्टरनं पडदा ओढला आणि वाकायच्या आधीच तिचं नाक हललं.

"पाण्यात काय घालतेस?"

पडद्यापलीकडे आई ढब्ब्याला सांगत होत्या, "आत्ता येईल हं आई, आत्ता येईल, डॉक्टरांना टा टा करून येईल." मी आवाज खाली आणून सांगितलं.

"आजपासून बंद," सिस्टरही हळूच म्हणाली. तिला पडदा आणि पडद्यापलीकडचं दोन्ही कळलं असावं. "कातडी भाजलीय नुसती. भाजलेली कातडी टाका धरत नाही, आणि उघड्या जखमेला जंतूंचं वावडं नसतं. आता लगेच शिवताही येणार नाही. आतून भरून यायची वाट बघायची."

बाहेर आल्यावर आईंनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

त्यांच्या खांद्यावर ढब्ब्या झोपला होता. त्याच्या लाळेनं त्यांचा खांदा भिजला होता आणि त्यांनी तो पुसलाही नव्हता.

"औषधाचं काम झालंय म्हणाल्या. आता साधं पाणी पुरे."

"बघ," त्या माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "जंतू मेले. टाके मात्र हिच्या कातडीनं धरले नाहीत. कातडीच मलमलीची बाई. सुईसुद्धा सोसत नाही."

तेव्हापासून घरात तेच कारण ठरलं. शेजारीण विचारायला आली, मलमलीची कातडी. नणंदेचा फोन आला, मलमलीची कातडी. मीही कुणाकुणाला तसंच सांगितलं. सांगून सांगून मलाच ते खरं वाटू लागलं असतं, पण बसायला गेलं की आठवायचं.

जखम भरली, पण वेडीवाकडी. एका जागी गाठ धरली. ढब्ब्या उशांना टेकून बसायला शिकला आणि मी अजून एका कुशीवरच होते. त्याला पाजायचं ते आडवं पडून. खुर्चीवर बसायचं ते खुर्चीच्या कडेवर, एखाद्या परक्या घरी आल्यासारखं. नवरा जवळ आला की माझं अंग माझ्याआधी आक्रसायचं. तो हात काढून घ्यायचा, "राहू दे" म्हणायचा, आणि पाठ करून झोपायचं सोंग करायचा. मीही सोंग करायचे. दोघांची सोंगं चांगली वठायची, कारण दोघांनाही खरंच झोप येत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून थोडं थांबू. नाहीतर परत उघडून नीट शिवू. पण पूर्वीसारखं होईलच असं मी सांगत नाही."

अशात धाकटी आली. धाकटी म्हणजे माझी नणंद, घरातलं शेंडेफळ, हसली की शेजारच्या दुकानात कळतं. दिवस भरत आले होते. तिचा नवरा कामासाठी दूरगावी, म्हणून बाळंतपण आमच्याकडे. मी अशी फाकून चालणारी, ती तशी डुलत चालणारी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "वहिनी, आपण दोघी बरोबर बाहेर नको पडायला. लोक म्हणतील, लॉन्ड्रीवाल्यांनी बदकं पाळलीत."

मी हसले, आणि त्याच क्षणी ठरवलं. हिला माझ्यासारखं होऊ द्यायचं नाही. दुसरं काही मला नको होतं. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पण ही पोरगी उद्या याच घरात, याच टबात बसणार होती.

मी तिला सिस्टरकडे नेलं. शेवटच्या आठवड्यांत तेलाचं बोट लावून तिथली जागा कशी सैलावायची ते सिस्टरनं समजावलं. धाकटी इतकी लाजली, इतकी हसली, की सिस्टर म्हणाली, "हसतेस तशीच कळा देताना श्वास सोड, म्हणजे झालं." डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, काप टाळता येईल का? त्या म्हणाल्या, सरसकट कुणालाच देत नाही, गरज पडली तरच. बाळंतपणात सिस्टरनं कोमट पाण्याच्या घड्या धरल्या, घाई करू दिली नाही. पण अगदी शेवटी बाळाचे ठोके उतरले. तेव्हा काप द्यावाच लागला. मुलगी बाहेर आली ती आधी निळी आणि मग गुलाबी. त्या कापाशी माझं भांडण नाही. पोरगी रडली ती त्यामुळेच.

भांडण त्यापुढचं होतं.

सिस्टरनं पुन्हा खुर्ची ओढली, पुन्हा तेच सगळं सांगितलं, आणि "पाण्यात काही घालायचं नाही" म्हणताना आईंकडे नाही, माझ्याकडे बघितलं. आईंनी पुन्हा मान डोलावली. घरी आल्यावर त्यांनी टब घासून काढला.

"आई, सिस्टर काय म्हणाल्या ऐकलंत ना?"

"ऐकलं गं. सगळ्यांना एकच पाठ म्हणून दाखवते ती. तुझं नाजूक होतं म्हणून तुला त्रास झाला. ही माझी पोर आहे, जाड्या सुताची."

काय बोलणार होते मी? खरं बोलायचं तर एकच वाक्य होतं, आणि ते मला बोलवत नव्हतं. जिनं माझं सगळं केलं तिला जाऊन सांगायचं, की तुम्ही जे केलंत त्यानंच माझं वाटोळं झालं? मी शहाणपणा केला. आई दुकानात असताना औषधाच्या बाटलीतलं निम्म्याहून जास्त मोरीत ओतलं आणि नळाखाली बाटली भरून ठेवली. धुवायच्या कपड्यांवर ते थोडं कमी लागू पडेल, एवढंच. धाकटी दोन दिवस त्या पाण्यात बसली. चुरचुरलं नाही. टाके कोरडे होते, मी स्वतः बघितले. मला वाटलं, सुटले. कुणाचं मनही दुखावलं नाही आणि पोरगीही वाचली.

पण मी कुणाच्या घरात राहते हे विसरले होते. ज्या बाईला वासावरून शाई कुठल्या पेनाची ते कळतं, तिला औषध कळणार नाही?

तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा हसत हसत आत आला. ढब्ब्याला पाजत मी पडले होते.

"अगं, आईनं आज बाजार गाजवला," तो म्हणाला. "त्या औषधवाल्याच्या दुकानात जाऊन बाटली त्याच्या नाकाखाली धरली. म्हणते, यात दम नाही, पाणी घातलंस, माझ्या लेकीच्या टाक्यांशी खेळतोस होय रे? तो बिचारा शपथा घेतोय. गिऱ्हाइकं उभी. शेवटी त्याचा बापच बाहेर आला हात जोडत."

"मग?"

"मग काय. म्हणाली, तुझी बाटली तुलाच लखलाभ. आणि लॉन्ड्रीचा माल देणारा तो दुसरा आहे ना आपला, त्याच्याकडून डबाच घेऊन आली. बिनपाण्याचं. एका टोपणात हौद पांढरा होईल असलं. आता टाके काय, टाके घालणाराही निर्जंतुक होईल."

तो हसत पुढे गेला. इस्त्रीवर कपडे होते.

मागच्या अंगणात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग टोपण फिरवल्याचा. मी ढब्ब्याला बाजूला केलं, त्यानं भोकाड पसरलं. मला झटकन उठता येत नाही. आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या रेट्यानं वर, मग पाय खाली. ते सगळं केलं. रडणारं पोर तसंच गादीवर ठेवून भिंत धरत धरत मी अंगणात गेले.

आई टबापाशी ओणव्या होत्या. पाणी पांढरंफटक होतं. वासानं डोळे चुरचुरले. धाकटी संडासात होती, आणि भीतीनं तिला वेळ लागत होता.

"आई, पाणी झालं का?" आतून तिचा आवाज आला.

"झालं बाळा, ये तू," आई म्हणाल्या. मला बघून सरळ झाल्या. "तू का उठलीस? तो रडतोय ना तिकडे."

"आई, हे पाणी ओतून टाका."

"का?"

"सिस्टर..."

"सिस्टरचं पुराण नको आता. ती म्हणते साधं पाणी, दुकानदारही मग साधंच पाणी देतो. सगळ्यांचं एक झालंय."

"दुकानदारानं नाही घातलं. बाटलीत पाणी मी घातलं."

त्यांनी आधी दुकानदाराचंच पकडलं.

"म्हणजे त्या माणसाला मी चारचौघांत..." त्या म्हणाल्या. "त्याच्या म्हाताऱ्या बापानं हात जोडले माझ्यापुढे. तू का घातलंस पण?"

"वहिनी आहे का तिथे?" आतून धाकटी. "वहिनी, तुला पहिल्यांदा जाताना इतकं घाबरायला झालं होतं का गं?"

"झालं होतं," मी म्हणाले. "श्वास सोड. जोर नको करू." आणि मग आईंच्या जवळ जाऊन, तिला ऐकू जाणार नाही असं, मी ते वाक्य बोलले.

"आई, माझे टाके याच पाण्यानं गेले. कातडी भाजली होती. सिस्टरनं तेव्हाच सांगितलं होतं मला."

ढब्ब्याचं रडणं आतून येत होतं. आईंनी टबाकडे बघितलं. टबात काही पडलंय आणि ते शोधतोय, असं बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं त्या रागावतील. मला रागच हवा होता. त्या चिडल्या असत्या, "माझ्यावर घेतेस?" म्हणाल्या असत्या, तर मी ते सोसलं असतं.

"तेव्हा का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग आज?"

मी संडासाच्या दाराकडे बघितलं.

"हं," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी बोललीस. स्वतःसाठी नाही बोललीस." मग अगदी हलक्या आवाजात, "तुझी आई असते तर ओरडली असतीस माझ्यावर. आईवर ओरडतात पोरी. सासूला सांभाळून घेतात."

"असं नाही, आई."

"असंच आहे."

त्यांनी टब कलंडला. पांढरं पाणी मोरीकडे गेलं. मग त्यांनी टब घासला, विसळला, हुंगला, परत घासला. नवं पाणी भरलं. पण कोपर बुडवायची वेळ आली तेव्हा त्या उठून बाजूला झाल्या.

"तू बघ कोमट आहे का ते."

धाकटी दाराला धरून बाहेर आली, घामाघूम आणि विजयी. "झालं एकदाचं," म्हणाली. "काय गं, दोघींची तोंडं अशी का? कुणाचा शर्ट जळला की काय?"

"कुणाचा नाही," आई म्हणाल्या. "ये, बस. वहिनी बघेल तुझं." आणि पुढे दुकानात निघून गेल्या. ढब्ब्याच्या गादीशेजारून गेल्या. तो हात वर करून रडत होता. त्या थांबल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी त्या औषधवाल्याकडे जाऊन आल्या. काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाल्या, "चूक माझी होती." त्याला वाटलं, दुकानदाराची बाजू घेतेय. तो हसला. कुणीच त्याला काही सांगितलं नाही, मीही नाही. एवढं एकच मला त्यांच्यासाठी करता येण्यासारखं होतं.

धाकटीचं सगळं मी केलं. साधं पाणी, टिपून घेणं, पॅड, भाज्या, प्यायच्या पाण्याचा तांब्या उशाशी. वाकताना माझी गाठ ओढायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. ती म्हणायची, "वहिनी, तू रडू नको गं, मला नाही दुखत." आई लांबून बघायच्या. नातीला त्यांनी एकदाही न्हाऊ घातलं नाही. "माझे हात खरखरीत झालेत," म्हणायच्या. ढब्ब्या त्यांच्याकडे झेपावला की पदर सारखा करत मागे व्हायच्या. "कामात आहे रे." काउंटरवर कुणी गाठोडं सोडलं की डाग बोटानं न चोळता नुसत्या बघायच्या. "जाईल का?" विचारलं तर म्हणायच्या, "बघते." एका जुन्या गिऱ्हाइकानं मला बाजूला घेऊन विचारलं, आजी आजारी आहेत का?

एकदा त्या एकट्या इस्त्रीच्या टेबलापाशी होत्या तेव्हा मी गेले.

"आई, तुम्हाला माहीत नव्हतं."

"नव्हतं कसं? माझ्यासमोर बोलली होती ती. मी हसले होते." त्यांनी चादरीची घडी घातली, मोडली, परत घातली. "तू म्हणत होतीस चुरचुरतंय. रोज म्हणत होतीस. मी तुला गोष्टी सांगत बसले."

"मला आवडायच्या त्या गोष्टी."

"तेच ना," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुढची चादर ओढली.

तपासणीला आम्ही दोघी गेलो, धाकटी आणि मी. सिस्टरनं तिला बघितलं आणि भिंगांआडून हसली. "शाबास. टाके कुठे होते तेही कळत नाही." मग डॉक्टरीणबाईंनी मला बघितलं. आता थांबून उपयोग नाही म्हणाल्या. उघडून परत शिवायचं. पण त्यानंतर काही आठवडे वाकायचं नाही, मुलाला उचलायचं नाही, पाणीबिणी दुसऱ्यानं करायचं. "घरी सासूबाई आहेत ना?" त्यांनी विचारलं.

घरी नवऱ्यानंही तेच म्हटलं. "आई आहेच की. मागच्या वेळी किती केलं तिनं."

आई भिंतीकडे तोंड करून चिमटे वेचत होत्या.

"मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "कुणी बाई ठेवा. मी नाही हात लावणार."

"असं काय करतेस? तुझ्याशिवाय कोण..."

"नाही म्हटलं ना."

नवरा माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत सरळ प्रश्न होता: काय झालंय या दोघींत? मी म्हणाले, "घाई काय आहे? ढब्ब्या चालायला लागू दे. मग करू." त्याला वाटलं असेल, हिलाच बरं व्हायचं नाही. तसं वाटणं साहजिक होतं.

धाकटीला न्यायला तिचा नवरा आला. निघायच्या दिवशी तिनं दुकानात येऊन सगळ्या कपड्यांत तोंड खुपसून मोठा श्वास घेतला, म्हणाली, हा वास मला तिकडे मिळत नाही. मुलीला एका हातावर घेऊन ती सरळ, ताठ, भरभर चालत होती. बदक कुठल्या कुठे गेलं होतं. दारात तिनं मला मिठी मारली.

"वहिनी, मी उगाच घाबरत होते. मला तर काहीच त्रास झाला नाही. तुझंच कसं काय गं असं झालं?"

आई तिच्या मागेच होत्या. त्यांच्या हातात मुलीच्या दुपट्याची घडी होती, चारी कोपरे जुळलेली.

"कातडी मलमलीची माझी," मी म्हणाले.

"हो ना," धाकटी म्हणाली. "आई पण तेच सांगायची."

आईंनी दुपटं तिच्या पिशवीत ठेवलं. गाडी गेली. आम्ही दोघी आत आलो. त्या पुढे गेल्या, मी मागे जाऊन कुशीवर पडले. टेकल्या टेकल्या डोळा लागला.

ढब्ब्याच्या रडण्यानं जाग आली. तो न लागणाऱ्या मधल्या दारातून पुढे दुकानात रांगत गेला होता आणि इस्त्रीच्या टेबलाच्या पायाला अडकून बसला होता. आई त्याच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. वाकल्या असत्या तर उचलता आला असता. तो त्यांच्याकडे हात करत होता, आणि त्यांचे दोन्ही हात अंगाशी घट्ट धरलेले होते.

"रडतोय गं तो," त्या म्हणाल्या. "ये लवकर."

मी कुशीवर वळले, हात टेकले, पाय खाली घेतले आणि निघाले.